वाचकांचे प्रश्न : यंत्र वाचते म्हणजे काय करते?

प्रश्न : संगणक इंटरनेटवरील मजकूर वाचून स्वतःच ज्ञान मिळवतो, असे हल्ली ऐकू येते. ज्याला अर्थ कळत नाही, त्याने वाचले म्हणजे नेमके काय केले? शिवाय चुकीचे शिकला, तर ते त्याला उमगते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या दोन्ही शंकांचा उलगडा एका प्रयोगातून होतो. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या जानेवारीत ‘नेल’ ही प्रणाली सुरू केली आणि तिला अहोरात्र इंग्रजी वेबपाने वाचायला बसवले. शहर, कंपनी, खेळाडू असे वर्ग आणि प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणे, अशी सुरुवातीची शिदोरी तिला दिली होती.

‘नेल’ अर्थ लावत नव्हती, ती शब्दांचे शेजार टिपत होती. समजा, ‘कळसूबाई शिखर सर केले’ असे वाक्य आले आणि कळसूबाई हा डोंगर आहे हे तिला ठाऊक असले, तर ‘अमुक शिखर सर केले’ हा साचा ती लक्षात ठेवते आणि पुढे ‘साल्हेर शिखर सर केले’ दिसताच साल्हेरही डोंगरांत नोंदवते. (मराठीत हे अधिक किचकट ठरेल, कारण पुण्यात, पुण्याला, पुण्याहून ही एकाच गावाची रूपे आहेत, हे आधी शिकवावे लागेल.)

चुकांना आवर घालण्यासाठी काही वर्ग परस्परविरोधी ठरवले होते. जे शहर आहे ते माणूस असू शकत नाही. असा उघड विरोध प्रणालीला पकडता येई, परंतु चूक इतर नोंदींशी जुळून गेली की ती तिला उमगत नसे. इंग्रजीत ‘कुकी’ म्हणजे बिस्किट, पण ब्राउझर संगणकावर साठवतो त्या छोट्या नोंदींनाही ‘इंटरनेट कुकीज’ म्हणतात, आणि त्याही तिने बेकरीच्या पदार्थांत टाकल्या. कुकीज ‘डिलीट’ करतात आणि फायलीही ‘डिलीट’ करतात, म्हणून मग फायलीही बेकरीत जाऊन बसल्या! त्याच वर्षीच्या शोधनिबंधानुसार ६७ दिवसांत जमलेल्या सुमारे २,४२,००० नोंदींची अचूकता ७४ टक्के होती, पण ती सुरुवातीच्या टप्प्यात ९० टक्के, तर अखेरच्या टप्प्यात ५७ टक्के होती, म्हणजे जुन्या चुकांवर नव्या चुका चढत गेल्या होत्या. माझ्या मते हा उतरता आकडाच या प्रयोगाची सर्वांत मोलाची कमाई आहे. पुढे संशोधकांनी अधूनमधून नोंदी तपासून ढोबळ चुका स्वतः दुरुस्त करायला सुरुवात केली, आणि बेकरीचा घोळ तेव्हाच निस्तरला.