गाडी थंड असतानाच बघायला जा

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय करून पलूसच्या एमआयडीसीत कामाला लागलाय. तासगावहून रोज येऊन-जाऊन चाळीसेक किलोमीटर होतात आणि रात्रपाळीला एसटीचा भरवसा नाही. सांगलीत एकाची २०१६ची स्प्लेंडर आहे. ३१ हजार रनिंग, सिंगल हँड, ४० हजार सांगतोय. दिसायला चकाचक आहे. मी बेदाण्याच्या शेडवर काम करते, हे पैसे दोन हंगामांचे आहेत. आमच्यात गाडीतलं कळणारं कुणी नाही. घेण्याआधी काय बघू?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, पहिलं काम फोनवरच करा. विकणाऱ्याला सांगा, "सकाळी सातला येतो, तोवर गाडी चालू करू नका." पोचल्यावर आधी इंजिनाजवळ हात न्या. धग लागली तर चहा घ्या आणि परत या, दुसऱ्या दिवशी बघू म्हणा. मी मिरजेत ३१ वर्षं गॅरेज चालवतोय. गरम करून ठेवलेल्या गाडीत पहिल्या मिनिटाला कळणारं काहीच कळत नाही, म्हणून तर ती गरम करून ठेवतात.

चावी बंद ठेवून मुलाला किक हळूहळू दाबायला सांगा. एका जागी ती घट्ट अडायला हवी. लोण्यात बोट जावं तशी खाली गेली, तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, संपलंय. मग चालू करा आणि एकाने सायलेन्सरमागे उभं राहा. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येते, ती सोडून द्या. चालू करताक्षणी निळा धूर भसकन आला आणि थांबला, तर रात्रभर व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल झिरपलंय. ते काम आटोक्यातलं आहे. पण इंजिन तापल्यावरही रेस दिली की निळा धूर येतच असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन वरखाली होतो ती सिलिंडरची आतली बाजू, गेलेत. तेवढा खर्च किमतीतून वजा होत नसेल तर तिथेच नमस्कार करा.

आवाजाचं असं : वरून बारीक टिकटिक येत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करून भागतं. डाव्या बाजूने, डब्यात खडे हलवावेत तशी खरखर आली तर इंजिनातली टायमिंग चेन ढिली झालीय. आणि खालून जड ठकठक येत असेल, रेस वाढवली की तीही वाढत असेल, तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड गेलाय. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली की आवाज नेमका कुठून येतोय ते समजतं. आम्ही मेकॅनिक हेच करतो, तुमच्या मुलालाही जमेल. फिरत्या चेनपासून मात्र लांब राहायला सांगा.

पण तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती दोन शब्दांची. २०१६ आणि सांगली. म्हणजे या गाडीने दोन पूर पाहिलेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. सांगलीच्या गावभागात कितीतरी गाड्या दारातच बुडाल्या. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्या गाड्या कुठे गेल्या? बऱ्याचशा धुऊन, रंगवून, नवीन स्टिकर मारून बाजारात आल्या.

मी स्वतः यात फसलोय. पुराच्या पुढच्या वर्षी मेहुण्याने एक गाडी दाखवायला आणली. मी इंजिन ऐकलं, धूर बघितला, चक्कर मारली आणि म्हणालो, घे. चार महिन्यांनी रात्री पंढरपूर रस्त्याला चालत्या गाडीचा हेडलाइट गेला. अंधारात मेहुणा साइडपट्टीवरून खाली गेला, मनगट मोडलं. मी गाडी खोलली तर टाकीखालच्या वायरिंगचे सगळे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे सांधे, हिरवे पडलेले आणि साइड पॅनलच्या आत सुकलेला गाळ. चार स्क्रू काढले असते तर मला तो आधीच दिसला असता. तेव्हापासून कुणाचीही गाडी असो, मी आधी पॅनल काढतो आणि मग चावी मागतो.

तुम्हीही तेच करा. दोन्ही साइड पॅनल काढायला लावा. बॅटरीची पेटी, एअर फिल्टरचा डबा, सीटची खालची बाजू, मागच्या मडगार्डचा आतला भाग, सगळीकडे मोबाईलचा टॉर्च मारा. पुराचा गाळ वाळला की पिठासारखा होतो आणि कोपऱ्यात बसतो. बोट फिरवलं की बोटावर येतो. रस्त्यावरची धूळ तेलकट असते, हा कोरडा आणि मऊ लागतो. हेडलाइटच्या काचेत आणि मीटरच्या आत पाण्याची आडवी रेघ दिसते का बघा. एक-दोन कपलर ओढून बघा, आत हिरवं नको. ऑइलची टोपी उघडा. पट्टीवर चहात दूध पडल्यासारखा रंग दिसला तर आत पाणी गेलंय. बाहेरून पॉलिश कुणीही मारतं, कपलर पुसत बसायला कुणाला वेळ नसतो.

पुरातली गाडी म्हणजे कायमची टाकाऊ, असं मी म्हणत नाही. मालकाने आपण होऊन सांगितलं, इंजिन खोलल्याचं आणि वायरिंग बदलल्याचं बिल दाखवलं आणि किंमतही तशी लावली, तर विचार करा. लपवली असेल तर त्या माणसाशी व्यवहारच नको.

आता ते ३१ हजार रनिंग. नऊ वर्षांत ३१ हजार म्हणजे दिवसाला दहा किलोमीटरही नाही. असं होऊ शकतं, एखाद्या निवृत्त मास्तरांची गाडी असली तर. पण मीटर बदलता येतं, झीज बदलायची कुणाला आठवण राहत नाही. फूटरेस्टचं रबर, ब्रेकच्या पॅडलवरच्या रेघा, किकचं रबर आणि चावीचे दाते बघा. सगळं गुळगुळीत झालेलं आणि मीटर ३१ हजारांवर, हे जुळत नाही. उलट जुन्या गाडीला ही रबरं कोरी करकरीत असतील तर का बदलली ते विचारा. आपल्या भागात आणखी एक बघायचं असतं, गाडी दुधाला होती का. दोन्ही बाजूंना कॅन बांधून पहाटे डेअरीला पळालेल्या गाडीच्या मागच्या चेसिसवर कॅरिअरचे घासलेले पट्टे असतात, नाहीतर वेल्डिंगचे टाके. रंग दिला तरी टाका बोटाला लागतो. अशा गाडीचे मागचे शॉकअप आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचे बुश खिळखिळे असतात. डबल स्टँडवर लावून मागचं चाक डावी-उजवीकडे हलवलं की खटखट जाणवते.

तिथेच चेन मागच्या दातेरी चक्राच्या शेवटच्या टोकाला धरून मागे ओढा. दात अर्धा उघडा पडला तर चेन किट संपलंय. हे घासाघिशीला चांगलं कारण आहे, गाडी नाकारायला नाही. हँडलखालच्या मानेजवळ रंगाला तडे किंवा घड्या दिसल्या तर गाडी समोरून ठोकलेली आहे, ती सोडा. चालवताना चौथ्या गिअरला कमी वेगात रेस वाढवा. आवाज वाढला आणि गाडी पळेना, तर क्लच प्लेट झिजलीय. मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, तेही मुलाने बघावं.

चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी एकेक आकडा लावून बघा, फोटोवर विसंबू नका. एमपरिवहन ॲपवर विमा आणि कर्जाचा बोजा तपासा. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. तासगाव आणि सांगली दोन्ही एमएच-१०मध्ये, म्हणून दुसऱ्या आरटीओच्या एनओसीची भानगड नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या घ्या आणि गाडी लगेच मुलाच्या नावावर करा.

४० हजार हातात असतील तर गाडीला ३५च द्या. उरलेले पैसे ऑइल, ब्रेक लायनर, टायर यांना लागणारच आहेत. आणि जाताना तासगावातलाच एखादा मेकॅनिक त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको.

प्रश्न : एक जुनी १५० सीसी गाडी बघितली. मालक म्हणतो, "इंजिन आत्ताच केलंय, नवीन बोअर-पिस्टन टाकलाय." हे चांगलं की वाईट?
— कॉलेज विद्यार्थी, मिरज

उत्तर : बिल दाखवता आलं तर चांगलं. नुसतं तोंडी असेल तर मी त्याला किंमत देत नाही. बोअर मारून पिस्टन टाकला असेल तर ओव्हरसाइज किती, म्हणजे मूळ मापापेक्षा किती मोठा, ते विचार. पाव, अर्धा, पाऊण, एक असे माप असतात, मिलिमीटरमध्ये. एकवर पोचला असेल तर पुढच्या वेळी सिलिंडरच बदलावा लागेल. इंजिनाच्या वरच्या हेडचं काम केलं का आणि खालचा, पिस्टन ज्याला फिरवतो तो क्रँक तपासला का, हेही विचार. नुसता पिस्टन घालून जुना क्रँक तसाच ठेवला, तर नव्या कॉम्प्रेशनचा दाब त्या थकलेल्या बेअरिंगवर येतो आणि काही महिन्यांत ठकठक सुरू होते. काम केलेल्या गॅरेजचं नाव घे आणि स्वतः जाऊन त्या मिस्त्रीशी बोल. गाडी आवडली आणि घेतलीस, तर पहिले ५०० किलोमीटर जोरात पळवू नकोस आणि ५००ला ऑइल बदल. निघालेलं ऑइल पांढऱ्या कापडावर ओतून उन्हात धर. थोडी चमक नव्या रिंगांची असते. बारीक तुकडे दिसले तर गाडी तशीच उभी कर आणि माझ्याकडे ढकलत घेऊन ये.