रास्पादो म्हणजे बर्फाचा गोळा का?

शिकागोला नुकत्याच राहायला गेलेल्या एका ताईंनी विचारलंय: "लिटल व्हिलेजमध्ये २६व्या रस्त्यावर मेक्सिकन हातगाड्यांवर 'रास्पाडो' मिळतं. किसलेला बर्फ आणि वर फळांचं सरबत. मी आईला फोनवर 'मेक्सिकन बर्फाचा गोळा' असं सांगितलं, तर लेक म्हणाली की गोळा वेगळा, हे वेगळं. बरोबर कोण? आणि दुकानांच्या पाट्यांवरचे पॅलेटा, नेव्हेरिया, मँगोनाडा हे काय प्रकार आहेत?"

ताई, लेकीचं बरोबर आहे. 'गोळा' हे नाव आपण आकारावरून ठेवलं. बर्फ काडीभोवती दाबून घट्ट करायचा, मग रंगीत सरबतात बुडवायचा. रास्पादो पेल्यात भुसभुशीतच ठेवतात आणि चमच्याने खातात, त्याचा गोळा होतच नाही. त्याचं नाव कृतीवरून आलंय. स्पॅनिशमध्ये 'रास्पार' म्हणजे खरवडणं, किसणं. त्यावरून 'रास्पादो', म्हणजे खरवडलेला.

हा 'आदो' म्हणजे आपला 'लेला', आणि 'आदा' म्हणजे 'लेली'. एवढं एक लक्षात ठेवलंत की त्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या उलगडतात. तोस्तादा म्हणजे खरपूस भाजलेली. कार्ने आसादा म्हणजे भाजलेलं मांस. एन्चिलादा म्हणजे मिरची लावलेली, कारण तिच्या पोटात 'चिले' हा शब्द आहे आणि तो थेट मेक्सिकोच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतला. आइस्क्रीमला म्हणतात एलादो, म्हणजे गोठवलेलं.

मराठीत मात्र नुसतं 'भाजलेली' म्हटलं की समोरचा विचारणार, काय भाजलेली? आपण कृतीवरून नाव करतो ते वेगळ्या वाटेने: उकडण्यावरून उकड, भाजण्यावरून भाजणी, वाटण्यावरून वाटण, किसण्यावरून कीस. म्हणून रास्पादोला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'बर्फाचा कीस'. बटाट्याचा कीस असतो, तसा हा बर्फाचा. आईला असं सांगून बघा, लगेच डोळ्यासमोर येईल.

किसण्याची रीतही बघण्यासारखी आहे. आपल्याकडचा जुना गोळेवाला सुताराच्या रंध्यासारखी पात्याची फळी पालथी मांडायचा आणि बर्फाचा तुकडा फडक्यात धरून तिच्यावर घासायचा. मेक्सिकन हातगाडीवर उलटं. लादी जागची हलत नाही. विक्रेता पातं लावलेली धातूची छोटी डबी तिच्यावरून खरखर ओढतो, कीस त्या डबीतच साठतो आणि तो झाकण उघडून पेल्यात पालथा करतो. या अवजाराचं नाव रास्पादोर, म्हणजे खरवडणारा. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय, पण नाव खरवडण्याचंच राहिलं.

'पालेता' म्हणजे काडीवरची कांडी. पाला म्हणजे फावडं आणि पालेता म्हणजे छोटं फावडं. ती चपटी काडी आठवा, नाव तिच्यावरून पडलं. मराठी 'पलिता' किंवा 'पळी' यांच्याशी नातं जोडायचा मोह होतो, पण नुसत्या आवाजावर जाऊ नये. मिचोआकान राज्यातल्या तोकुंबो गावाने पालेता मेक्सिकोभर पोचवली. गावाच्या वेशीवर पालेताचं भलंमोठं स्मारक उभं आहे. अमेरिकेतल्या कितीतरी पालेतेरियांच्या, म्हणजे पालेताच्या दुकानांच्या, पाट्यांवर 'मिचोआकाना' दिसतं, ते त्यामुळेच.

'न्येवे' म्हणजे आकाशातून पडतो तो बर्फ, हिम. मेक्सिकोत मात्र न्येवे म्हटलं की बहुधा फळांच्या रसाचा, दुधाशिवायचा थंड पदार्थ, आणि तो मिळतो ती न्येवेरिया. त्यातली 'न्येवे दे गार्राफा' तुमच्या आईला चांगली ओळखीची वाटेल. लाकडी पिंपात बर्फ आणि खडेमीठ, मध्ये धातूचा डबा, तो हाताने फिरवत राहायचं. आपल्या घरी उन्हाळ्यात आइस्क्रीमचा पॉट फिरवायचे, अगदी तेच. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली उतरतं, म्हणून आतला रस गोठतो.

मांगोनादा म्हणजे आंब्याचा गोठवलेला गर, त्यावर चामोय नावाचा आंबट-गोड-तिखट सॉस आणि तिखटपूड. स्पॅनिशमध्ये 'नादा' म्हणजे 'काही नाही', पण इथे तो अर्थ शोधू नका. कानाला हा शब्द लिमोनादा, नारान्हादा यांच्या रांगेतला लागतो. संत्र्याला ते 'नारान्हा' म्हणतात, आणि तो शब्द मूळचा आपल्या नारिंगाचा भाऊ, फारसी-अरबीतून स्पेनला पोचलेला. 'मांगो' हाही दक्षिण भारतातला, मल्याळममधून पोर्तुगीजांनी उचललेला. आम्रावरून आलेला आपला 'आंबा' त्या वाटेला गेलाच नाही. मेक्सिकोत आंब्याची एक लाडकी जात आहे, तिचं नावच 'मनिला'. १५६५ ते १८१५ पर्यंत फिलिपिन्सहून आकापुल्कोला गलबतं येत, त्या वाटेची ही खूण.

एक विनंती. हे शब्द इंग्रजीच्या चष्म्यातून 'पॅलेटा', 'रास्पाडो' असे लिहू नका. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीकडे ते वर्ण नाहीत, आपल्याकडे आहेत, मग ट-ड कशाला? चामोयचा च 'चार'मधला, 'चाक'मधला नव्हे. ओर्चाता, म्हणजे तांदळाचं गोड पेय, लिहिताना स्पॅनिशमध्ये आधी एच असतो, पण तो मुका. आणि 'जमैका' असं वाचाल ते सरबत 'हामाइका', म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं.

पुढच्या वेळी गाडीवर 'उन रास्पादो दे तामारिंदो' मागा. तामारिंदो म्हणजे अरबांचा 'तम्र हिंदी', हिंदुस्थानचा खजूर, म्हणजेच आपली चिंच. मग विक्रेता विचारेल, "कोन चिले?" म्हणजे तिखट घालू का. "सी" म्हणा.