वरचं बीपी नॉर्मल असेल तर पल्स प्रेशर कशाला बघायचं?

नर्सिंगला आहात म्हणता, तर सिस्टोलिक-डायस्टोलिक (बीपीचा वरचा आणि खालचा आकडा) समजावत बसत नाही. वरच्यातून खालचा वजा करा, झालं पल्स प्रेशर. साधारण ४०. पण "वरचं नॉर्मल आहे ना" हे वाक्य मी तोंडावर ऐकून घेतलंय, म्हणून लिहितोय.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डिग्री, १०८ रुग्णवाहिकेवर डॉक्टर. ग्रामीण रुग्णालयातून डेंग्यूचा एक कॉलेजचा पोरगा जिल्ह्याला नेत होतो. सकाळी ताप उतरला म्हणून घरचे खूश. खरा धोका तिथूनच सुरू होतो. पोरगा पोट धरून ओकत होता, हातपाय गार, नाडी बारीक आणि पळती. बीपी १०४/८८, म्हणजे फरक १६. डेंग्यूत हा फरक २० किंवा त्याखाली आला की शॉक (शरीराला रक्तपुरवठा कमी पडणं) धरायचा, वरचा आकडा शंभरी पार असला तरी. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो, ठोक्यागणिक बाहेर पडणारं रक्त घटतं, शरीर रक्तवाहिन्या आवळून धरतं. म्हणून खालचा आकडा चढतो आणि वरचा काही वेळ तग धरतो. तो कोसळायची वाट बघायची का?

जिल्ह्याच्या कॅज्युअल्टीतले डॉक्टर म्हणाले, "बीपी नॉर्मल, प्लेटलेट ६५ हजार, बसवा बाकावर." प्लेटलेट! नातेवाईक त्या आकड्यामागे धावतात ते समजतं, एमबीबीएसनेही धावायचं? हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण) बघा म्हटलं, तर "तुमची नाडीपरीक्षा इथे नको." मी हललो नाही. त्यांच्यासमोर स्टेथोस्कोप लावून परत मोजलं. १००/८६. मग सलाईन लागलं. पोरगा पुढे चालत घरी गेला.

हाताने मोजलं ते मुद्दाम. डिजिटल मशीन कफमधल्या कंपनांवरून हिशोबाने आकडे काढतं, शॉकमध्ये त्याचा भरवसा नाही.

अपघातात आतल्या आत रक्त जात असेल तरी फरक असाच आकसतो. डोक्याच्या माराचं उलटं: मेंदूवर दाब वाढला की फरक रुंदावतो, नाडी मंदावते. तो वेगळा विषय, वेगळा प्रश्न टाका.

आणि हो, म्हाताऱ्यांच्या धमन्या कडक, त्यांचा फरक मुळातच मोठा, तिथे ४० ही घसरण असू शकते. एका मोजणीवर निकाल देऊ नका, परत परत मोजा, हातपाय चाचपा, लघवी कधी झाली विचारा.

रेफर चिठ्ठीवर "बीपी नॉर्मल" कधीच लिहू नका. दोन्ही आकडे, फरक आणि वेळ लिहा, आणि घेणाऱ्याची सही घ्या. डिग्रीवरून टोमणा आला तर सही झाल्यावर ऐका.