बालवाडीच्या ताईंना कोर्सला पाठवावं, की डिप्लोमा झालेल्या नव्या बाई घ्याव्यात?

सोलापुरात वस्तीत बालवाडी चालवताय, दोन्ही ताई बारावी झालेल्या, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर आहेत त्याच ताईंना शिकवा. मी पूर्व भागात १९ वर्षं बालवाडी घेते. पहिली चार वर्षं प्रशिक्षणाशिवाय काढली.

विडी कामगाराच्या घरचा एक मुलगा होता, साडेतीन वर्षांचा. रोज माझा पदर ओढून "नीळ्ळु" म्हणायचा. मी म्हणायचे, "पाणी म्हण, मग देते." घरी सगळे तेलुगू बोलणारे. दिवाळीपर्यंत त्यानं बोलणंच सोडलं आणि मी त्याला बुजरा समजत राहिले. मूल घरची भाषा घेऊन येतं, दुसरी भाषा तिच्याच आधारानं शिकतं, हे मला पुढं कोर्समध्ये कळलं. तोवर तो पहिलीत गेला होता. अजून वाईट वाटतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडी सेविकांसाठी बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स आणि कमी शिकलेल्यांना वर्षाचा डिप्लोमा सांगितला आहे. तुमच्या ताईंसाठी तेच माप धरा. कोर्स निवडताना एकच बघा, मुलांसमोर प्रत्यक्ष सराव किती आहे. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी या गावात मुलांमध्ये बसूनच बालवाडीचं काम उभं केलं.

पण नुसता कोर्सही पुरत नाही. मी प्रमाणपत्र घेऊन आले आणि आठवड्यात पुन्हा मुलांची बोटं धरून पाटीवर 'अ' गिरवून घ्यायला लागले, कारण पालक वही मागतात. फरक पडला तो आमच्या जुन्या बाईंमुळं. दर गुरुवारी त्या कोपऱ्यात दोन तास बसायच्या, काही बोलायच्या नाहीत, फक्त लिहायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वही दाखवली: मी "गप्प बसा" २६ वेळा म्हणाले होते, आणि मुलांना खरा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. पुढं पाटी बाजूला ठेवून मणी ओवणं, कणीक मळणं सुरू केलं. आधी बोटांत बळ येऊ दे, अक्षर नंतर.

तेव्हा कोर्सची फी भराल तसं नंतर वर्षभर वर्गात येऊन बसणारं कुणीतरी नेमा. प्रशिक्षणाच्या दिवसांचा पगार कापू नका. आणि तेलुगू घरची मुलं असतील तर कोर्सची वाट न बघता, त्यांच्या आयांकडून रोजचे वीसेक शब्द ताईंना शिकवून घ्या. पाणी, भूक, दुखतंय, ये.