‘तर्फ’ लिहा, ‘तर्फे’ नको

प्रश्न असा: कोल्हापूरजवळच्या ‘कळंबे तर्फ ठाणे’ या नावात ‘तर्फ’ कशाला, आणि ते ‘तर्फे’ असं लिहावं का?

लिहू नये. ‘कळंबे तर्फे ठाणे’ वाचलं की कळंब्यानं ठाण्याला शुभेच्छांचा फलक लावलाय असं वाटतं, आणि हल्ली कमानींवरसुद्धा तेच रंगवतात. तर्फ हा जुना महसुली विभाग. शब्द स्त्रीलिंगी: ती तर्फ, तर्फेचा हवालदार. शिवकाळात काही गावांची मिळून एक तर्फ, तिच्यावर हवालदार. अशा काही तर्फांवर सुभेदार. इंग्रजी अमलात तालुके नव्यानं आखले गेले, मामलेदाराची कचेरी आली आणि तर्फ कारभारातून गेली. उरली ती एकाच नावाची दोन गावं वेगळी ओळखण्यापुरती. करवीर तालुक्यात ‘कळंबे तर्फ कळे’ही आहे. पन्हाळ्यात पोर्ले तर्फ ठाणे आणि पोर्ले तर्फ बोरगाव. (हे ठाणे मुंबईशेजारचं नव्हे, कसबा ठाणे पन्हाळ्यातच आहे.) सातबारा काढताना नुसतं ‘पोर्ले’ बघून गट नंबर टाकलात, तर भलत्याचाच उतारा हाती येईल.

त्याहून वाईट म्हणजे ‘तर्फ’चं ‘ता.’ करणं. गुहागरात पांगरी तर्फ हवेली आणि पांगरी तर्फ वेळंब अशी दोन गावं आहेत. पहिलीचं ‘पांगरी, ता. हवेली’ केलं की कोकणातलं गाव थेट पुणे जिल्ह्यात! हवेली म्हणजे मुख्य ठिकाणाभोवतीचा मुलूख, त्यामुळे हवेल्या जागोजागी सापडतात.

आता मूळ. अरबी ‘तरफ’ म्हणजे बाजू, कड. एकतर्फी, दुतर्फा, तरफदारी ही सगळी त्याचीच पिलावळ, आणि फलकावरचं ‘तर्फे’ही. काही हौशी मंडळी याचा संबंध तराफ्याशी जोडतात. तराफा निदान तरंगतो, ही व्युत्पत्ती तेवढंही करत नाही. ‘तालुक्याचा पोटविभाग’ एवढं सांगून मोकळे होणाऱ्यांनाही बाजू हा अर्थ दिसलेला नाही. माझ्या मते गावाचा वसूल ज्या बाजूच्या कसब्याला जायचा, ती त्याची तर्फ. ठाण्याकडे तोंड असलेलं ते पोर्ले तर्फ ठाणे.

आणि ही बाजू एकटी नाही. ‘जिल्हा’ आला अरबी ‘जिलअ’वरून, म्हणजे बरगडी! बरगडीवरून बाजू, अरबीत त्रिकोणाच्या बाजूलाही हाच शब्द. तर्फ गेली, पण कलेक्टर अजून बरगडीवरच बसलेत. ‘तालुका’ तअल्लुकमधून, म्हणजे संबंध. ‘कर्यात’ हाही तर्फेसारखाच जुना महसुली विभाग, आणि तो शब्द तर अरबी ‘कर्या’चं, म्हणजे गावाचं, अनेकवचन: नुसतीच ‘गावं’. चंदगडकडे ‘कर्यात भाग’ अजून म्हणतात, आणि कर्यात नावाचं गाव नकाशात शोधत बसतात ते बाहेरचे.