परदेशी आरोग्यकेंद्रात स्वयंसेवा: जाण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, एका संस्थेने परदेशातील ग्रामीण आरोग्यकेंद्रात चार आठवड्यांसाठी स्वयंसेवक म्हणून बोलावले आहे, जाहिरातीत ‘इंजेक्शन देण्याची, टाके घालण्याची आणि प्रसूतीत मदत करण्याची संधी’ असे छापले आहे, आणि जावे की नाही व गेल्यास तयारी काय करावी, हे तुम्हाला ठरवायचे आहे. मी बरीच वर्षे सामुदायिक परिचर्येत काम केले आहे आणि विद्यार्थ्यांच्या गटांबरोबर पर्यवेक्षिका म्हणून परदेशीही गेले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. जाण्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र जाहिरातीतील ज्या वाक्याचा तुम्हाला मोह पडला, त्याच वाक्यामुळे मला त्या संस्थेविषयी शंका येते.

जे काम तुमच्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात तुम्हाला एकट्याने करू दिले जात नाही, ते विमानातून उतरल्यावर करता येईल असे मानण्यास काहीच आधार नाही. रुग्ण गरीब आहे, डॉक्टर लांब आहेत, ‘काहीच नसण्यापेक्षा हे बरे’ हा युक्तिवाद तुमच्या कानावर वारंवार पडेल. परंतु चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनाने होणारी इजा रुग्णाच्या गरिबीमुळे कमी होत नाही, आणि तक्रार करण्याची सोय त्याच्याकडे तुमच्या देशातील रुग्णापेक्षा कमीच असते. जागतिक आरोग्यातील प्रशिक्षणासाठी एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१० साली नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याने आपल्या प्रशिक्षणाच्या पलीकडचे काम करू नये हे तर त्यांत आहेच, शिवाय पाहुण्या विद्यार्थ्यांमुळे यजमान संस्थेवर पडणाऱ्या खर्चाचा आणि भाराचाही विचार व्हावा, असे त्यांत म्हटले आहे. हा दुसरा मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आठ विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यात एका परिचारिकेची सकाळ जाते, आणि तेवढा वेळ बाहेरच्या रांगेतील रुग्णांचा कमी होतो.

म्हणून संस्थेला आधी लेखी विचारा की, तुमच्यावर रोज देखरेख कोण करणार आहे, ती व्यक्ती त्या देशात नोंदणीकृत परिचारिका आहे का, आणि ती प्रत्यक्ष त्याच खोलीत असेल की केवळ फोनवर उपलब्ध असेल. तेथील आरोग्य विभागाची किंवा परिचर्या परिषदेची परवानगी घेतली आहे का, व्हिसा कोणत्या प्रकारचा लागेल, हेही विचारा. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर विनावेतन कामही चालत नाही. यांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की विद्यार्थी पाठवा, असे मुळात कोणी सांगितले: त्या केंद्राने, की सहल विकणाऱ्याने? उत्तर गोलमाल आले तर पैसे भरू नका.

आरोग्यशिबिरांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण विद्यार्थ्यांना बहुधा तेच काम दिले जाते आणि ते निरुपद्रवी वाटते. रक्तदाब तपासण्यात कोणाचे काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात लांबून चालत आलेल्या माणसाला लगेच बाकावर बसवून, बोलता बोलता, हात अधांतरी ठेवून आणि दंडाला अपुरा पडणारा पट्टा बांधून मोजले तर आकडा खोटाच जास्त येतो. पाच मिनिटे स्वस्थ बसवणे, पाठ टेकलेली व पाय जमिनीवर असणे, दंड हृदयाच्या पातळीवर आधाराने ठेवणे आणि योग्य मापाचा पट्टा वापरणे, एवढे पाळले तरच त्या नोंदीला अर्थ आहे. त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे. रक्तदाब खरोखर वाढलेला आढळला, तर त्या माणसाला गोळ्या पुढच्या महिन्यातही कोठून मिळणार? रुग्णाला पुढे कोठे पाठवायचे हे ठरलेले नसताना केलेल्या तपासणीतून त्याच्या पदरी फक्त काळजी पडते. अशा शिबिराला मी स्पष्ट नकार देते.

याउलट, तेथील आरोग्यस्वयंसेविकांच्या मागे फिरण्याची संधी मिळत असेल, तर ती दवडू नका. नेपाळमध्ये १९८८ पासून महिला सामुदायिक आरोग्य स्वयंसेविका काम करत आहेत. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० च्या दशकात घरोघरी जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांपासून जलसंजीवनी कशी करायची हे मातांना शिकवत होत्या, आणि ते शिक्षण एक कोटीहून अधिक कुटुंबांपर्यंत पोहोचले. ही कामे बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी केलेली नाहीत. प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८ च्या अल्मा-आता जाहीरनाम्यात लोकसहभागावर जो भर आहे, त्याचा अर्थ अशा बाईबरोबर एक दिवस हिंडल्यावर जितका कळतो तितका वर्गात कळत नाही.

दंडघेर मोजण्याचे उदाहरण घ्या. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण, आणि ११५ ते १२५ च्या दरम्यान असेल तर मध्यम कुपोषण समजतात. पट्टीवर लाल, पिवळा व हिरवा रंग असतोच. विद्यार्थी हे वाचून येतात. पण मूल रडत असते, हात आखडून घेते, आणि घाईत पट्टी करकचून ओढली की पिवळ्यातले मूल लालमध्ये जाते. अनुभवी स्वयंसेविका मुलाला आईच्या मांडीवरच राहू देते, डावा हात सैल पडेपर्यंत थांबते, खांदा आणि कोपर यांचा मध्य काढते आणि पट्टी कातडीला लागेल पण रुतणार नाही इतपतच ओढते. त्या वेळी तुमचे काम नोंदवही धरण्याचे आहे, आणि ते कमीपणाचे नाही.

भाषा येत नसेल तर दुभाष्याची व्यवस्था कोण करणार, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्या. घरातल्या मुलाला दुभाषा करू नये. पाळी, गर्भनिरोधन किंवा मारहाण यांविषयी आई आपल्या मुलासमोर कधीच बोलणार नाही. बोलताना दुभाष्याकडे न पाहता रुग्णाकडे पाहावे, वाक्ये लहान ठेवावीत, आणि शेवटी ‘समजले का’ असे न विचारता ‘घरी गेल्यावर औषध कसे घ्याल ते सांगा’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण मान डोलावतो.

आता तुमच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी. हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रांना नेहमीच्या वेळापत्रकाने सहा महिने लागतात, आणि शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्यायची असते. त्यामुळे ही तयारी तिकीट काढल्यावर सुरू करून भागत नाही. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य ठरते. सुई टोचल्यास जखम साबण-पाण्याने धुणे आणि ताबडतोब कळवणे हे तुम्हाला ठाऊक असेलच, परंतु एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती औषधे त्या केंद्रात आहेत का, नसल्यास सर्वांत जवळ कोठे मिळतात आणि रात्री तेथे कोण नेईल, याचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळवा. यात भिडस्तपणा नको.

तुम्ही सोबत औषधे न्यावीत का, असेही विचारले आहे. घरातली उरलेली किंवा नमुन्यादाखल मिळालेली औषधे अजिबात नेऊ नका. औषधदानाविषयीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्त्वांनुसार औषध तेथे पोहोचल्यावर सर्वसाधारणपणे किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, आणि मुळात यजमानांनी त्याची मागणी केलेली असावी. त्यांना विचारून हातमोजे किंवा योग्य मापाचे रक्तदाबाचे पट्टे न्या. रुग्णांची छायाचित्रे काढू नका. तोंडी होकार मिळाला तरी, उपचारासाठी तुमच्यावर अवलंबून असलेल्या माणसाला नाही म्हणणे कितपत शक्य होते, याचा विचार करा.

राहिला प्रश्न हे चार आठवडे अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिक तासांत धरले जातील का, याचा. संस्थेचे प्रमाणपत्र त्यासाठी पुरेसे ठरेल असे गृहीत धरू नका. महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडून जाण्यापूर्वीच लेखी उत्तर घ्या, आणि त्याच पत्रात तुम्हाला कोणकोणती कामे करण्याची मुभा आहे त्यांची यादीही मागा. ती यादी तेथील पर्यवेक्षिकेच्या हाती आल्याआल्या द्या, म्हणजे टाके घालायला कोणी बोलावलेच तर नाही म्हणणे सोपे जाईल.