नवऱ्याचा हिशेब नंतर, आधी तुझा

प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला आठ महिने झाले, दोघंही कमावतात. घरखर्चासाठी तिने एक्सेल शीट केली आहे. नवरा त्यात नोंदी करत नाही, केल्याच तर चार दिवसांनी, अंदाजाने. हौसेच्या खरेदीबद्दल विचारलं की चिडतो. पुढच्या वर्षी घरासाठी कर्ज काढायचंय. त्याला जबाबदारीची जाणीव कशी करून द्यावी?

उत्तर:

नवऱ्याच्या नव्या हेडफोनवर तू अख्खा परिच्छेद लिहिलास. आणि कंसात, जाता जाता, हे: ‘किरकोळ या ओळीत माझ्या क्रेडिट कार्डाचे पैसे आहेत, लग्नाआधीची थकबाकी. त्याला माहीत नाही, पण माझं मी फेडतेय, त्यामुळे तो मुद्दा नाही.’ (कंसातली वाक्यं मी नेहमी आधी वाचते.)

तोच मुद्दा आहे, बाई.

हेडफोन निदान दिसले तरी. त्याने ते तुझ्यासमोर खोक्यातून काढले, तू बोललीस, भांडण झालं, विषय संपला. तुझी थकबाकी मात्र दर महिन्याला खोट्या नावाने त्याच्या डोळ्यांसमोरून जाते. आणि त्याने पार्किंगच्या पैशांचीही नोंद करावी, असा तुझा आग्रह!

‘माझं मी फेडतेय’ म्हणजे काय, तेही तूच लिहिलंयस: दर महिन्याला किमान रक्कम. अगं, याला फेडणं म्हणत नाहीत. त्यातला मोठा भाग व्याजातच जातो, मुद्दल जेमतेम हलतं. महिन्याला ३ टक्के ऐकायला कमी वाटतात, चक्रवाढीने वर्षाचे ४२ टक्क्यांच्या वर जातात. शिवाय जुनी बाकी शिल्लक असली की बऱ्याच कार्डांवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. इकडे तुम्ही दोघं घरासाठी मुदत ठेवीत पैसे टाकताय. ठेवीचं व्याज याच्या पासंगालाही पुरत नाही. पैसे साठतायत असं तुझ्या नवऱ्याला वाटतंय. त्यातले किती दुसऱ्या दाराने बाहेर जातायत, हे फक्त तुला ठाऊक.

कर्जाचा अर्ज दोघांच्या नावाने गेला की बँक दोघांचाही कर्जाचा इतिहास तपासते. टेबलापलीकडचा माणूस स्क्रीनकडे बघत सहज म्हणेल, ‘मॅडमच्या कार्डावर बरीच बाकी दिसतेय.’ तुझ्या नवऱ्याला हे तिथे कळायला हवंय का?

लाज वाटते, हे कळतं मला. त्या पैशांतून काय घेतलं होतंस ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. तो विचारेल. सांगून टाक.

या रविवारी कार्डाचं ताजं स्टेटमेंट छापून घे. मोबाइलवर दाखवू नकोस, नको तो आकडा अंगठ्याने पटकन वर सरकवता येतो. एकूण बाकी, व्याजदर, किमान रक्कम, तिन्हींवर बोट ठेवून दाखव. हेडफोनचा ‘ह’सुद्धा त्या दिवशी काढायचा नाही. तो चिडला तर चिडू दे, तेवढा हक्क आहे त्याला. मग ठेव मोडून बाकी मिटवायची का, ते दोघं मिळून ठरवा. परस्पर मोडू नकोस, त्यात त्याचेही पैसे आहेत.

त्याच्या खर्चाबद्दल तक्रार उरलीच, तर नंतर खुशाल लिही. फक्त त्या पत्रात कार्डाची बाकी कधी मिटली, ती तारीख आधी टाक.